थोरली आहे का?

२१ एप्रिल

ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आज कुठे लिहायला बसलेय. याआधी निदान सात वेळा बसले होते. एकदा पेन चालेना. एकदा कागद सापडेना. एकदा सापडला, तर त्याच्या पाठीवर अप्पांनी कुणाच्या तरी मशीनचा नंबर लिहून ठेवलेला. उरलेल्या चार वेळा काय झालं ते विचारू नकोस. खरं म्हणजे लिहायचं नव्हतं.

तू एकच गोष्ट विचारलीस. फॅक्टरी बंद झाली, भाड्याच्या खोलीत एकटी आहेस, तर घरी येऊ का, एवढं अप्पांना विचारून कळव. आणि वर लिहिलंस, "तू घरी असशील असं धरून लिहितेय, कारण सगळं बंद पडलं की तू घरीच येतेस." हे मला लागलं बरं का. खरं असल्यामुळे जास्त लागलं. मी फेरीबोटीवर तिकिटं फाडत होते. बोट बंद झाली, आले घरी. त्याआधी डोंगरावरच्या हॉटेलात चादरी धूत होते, तेव्हा तिथली टाकी फुटली होती, तेव्हाही घरीच आले होते. त्या टाकीची गोष्ट सांगण्यासारखी आहे, पण नंतर.

अप्पांना अजून विचारलेलं नाही. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. सगळीकडची दुकानं बंद, पण शिलाई मशीन दुरुस्ती मात्र चालू, कारण मास्क शिवायचेत. माळ्यावर, पलंगाखाली, जिन्याखाली वीस वीस वर्षं पडलेली मशीनं लोक उचलून आणतायत. एका मशीनमध्ये उंदराचं घर निघालं, तेही कुटुंबासकट. दारात आडवं टेबल लावलंय आणि बाहेर फरशीवर खडूने वर्तुळं काढलीत. गिऱ्हाइकाने वर्तुळात उभं राहायचं आणि तिथूनच बोलायचं.

मी तीन वर्षांनी घरात पाऊल टाकलं तेव्हा अप्पा काय म्हणाले सांगू? "हात धू. आणि ताईचा बारीक पेचकस कुठे आहे बघ."

ताईचा पेचकस. ताईचं स्टूल, ज्याच्यावर बसायला तुझ्या मापाचा खळगा पडलाय. ताईचा एप्रन, जो मला गुडघ्याच्या वर येतो. मी तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे हे या घरात कुणाच्या लक्षातच राहत नाही.

पहिल्या दिवशी पहिल्या वर्तुळातल्या बाई म्हणाल्या, "थोरली आहे का?"

मी म्हटलं, "नाही हो. ती गेली दोन वर्षांपूर्वी."

"अगं बाई! कशाने?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी मास्क वर करून डोळे टिपायला सुरुवात केली. आतून अप्पा ओरडले, "बॉबिन केस मागतायत त्या, बॉबिन केस! थोरली!"

मला काय माहीत, तुम्ही दोघांनी सुट्या भागांना घरची नावं ठेवलीत ते. खालच्या दोऱ्याचं रीळ बसतं ती एवढीशी स्टीलची वाटी. ती नसेल तर मशीन म्हणजे नुसतं टेबल. तिचे दोन प्रकार, एक थोरली आणि एक धाकटी. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय फरकसुद्धा कळत नाही म्हणे. थोरलीचा खण रिकामाच होता. सगळं गाव थोरलीच मागतं. धाकटीला कुणी विचारत नाही. ऐकल्यासारखं वाटलं.

आणखी एक सांगून टाकते. भिंतीवरच्या एकोणचाळीस खणांवर तुझ्या अक्षरातली लेबलं होती. ती मी पहिल्याच आठवड्यात खरवडून काढली आणि माझ्या अक्षरात नवी चिकटवली. अप्पांना म्हटलं, जुनी वाचता येत नव्हती. छान वाचता येत होती.

विचारते अप्पांना. या आठवड्यात.

तुझी
धाकटी


९ मे

ताई,

मागचं पत्र टाकलं नाही. पोस्टात सध्या फक्त औषधं घेतात असं ऐकलंय. म्हणजे मी तसं कुणाला विचारलेलं नाही. पत्र थोरलीच्या रिकाम्या खणात ठेवलंय, तुझ्या पत्राच्या वर.

बातमी अशी की मालाची ऑर्डर मी दिली. मी एकटीने! सुया संपत आल्यात, पट्टे संपलेत आणि थोरल्या तर एकही नाही. अप्पा म्हणाले, "गोदामवाल्याला फोन लाव, दोनशे थोरल्या मागव." लावला. चाळीस मिनिटं त्याचा फोन व्यस्त. शेवटी उचलला तर म्हणतो, "बाई, थोरली-बिरली तुमच्या घरची नावं, मला काय कळणार? मोठी पाहिजे की लहान? नंबर काय?"

अप्पा आत पट्टा चढवत होते. ओरडून विचारता आलं असतं. पण मला माहीत होतं ते काय म्हणतील. म्हणतील, "ताईला विचारावं लागत नसे." तर मी म्हटलं, "मोठी. थोरली म्हणजे मोठीच ना!"

"दोनशे, मोठी," तो म्हणाला. "जहाजाने येतील. तीन आठवडे धरा."

अप्पांना सांगितलं, तर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, पण पाहिलं. ताई, त्या एका बघण्यावर मी दोन दिवस शीळ वाजवत फिरले.

तेव्हापासून रोज सकाळी कुलूप काढताना विचारतात, "आली का?" पोस्टमन समोरून गेला की मान वर, "आली का?" एवढी ओढ त्यांना कशाची लागलेली मी तरी पाहिली नव्हती. माझी वाट बघितली असेल का कधी अशी, असा विचार मनात येतो आणि मग मी जोरजोरात मशीनं पुसते.

क्लासवाल्या काकू आठवतात ना, ज्यांच्या शिवणक्लासात नऊ मुली आहेत? त्यांना हॉस्पिटलच्या गाऊनचं काम मिळालंय. त्यांच्याकडून मला कळलं तू कशी गेलीस ते. त्या दिवशी त्या मशीन न्यायला आल्या होत्या म्हणे. अप्पा म्हणाले, "दुकान टाकून फॅक्टरीत जातेस? जा. पण परत यायचं झालं तर विचारून ये." आणि तू म्हणालीस, "विचारूनच येईन." काकू म्हणाल्या, "दोघांचा जबडा अगदी सारखा, बघ. एका साच्यातला."

माझा जबडा आईसारखा आहे. मला कुणी तसं म्हणत नाही, कारण आई आता कुणाला नीटशी आठवत नाही.

तर विचारून ये, असं ते म्हणाले होते. आणि तू विचारलंसही. मला. आता चेंडू माझ्या कोर्टात आहे आणि मला तो टाकवत नाही. माल आला की विचारते. दुकानाची चणचण संपली की अप्पांचं डोकं शांत असेल. हे कारण चांगलं आहे ना?

धाकटी


३० जून

ताई,

माल आला नाही. तीन आठवड्यांचे सात झाले. रोज मोबाईलवर एकच निरोप येतो, "आपला माल प्रवासात आहे." मी एवढी वर्षं प्रवासात होते, कुणाला असा निरोप गेला नसेल. गोदामवाला म्हणतो, तिकडच्या बंदरात माणसं आजारी, मग जहाजाला रिकामे कंटेनर मिळेनात, आता मिळाले तर आपल्या बंदराबाहेर जहाजांची रांग लागलीय. समुद्रात रांग! मी फेरीवर होते तेव्हा आमची बोट दहा मिनिटं थांबली तरी लोक शिव्या घालायचे. एकदा एका माणसाने कंटाळून... जाऊ दे, ते नंतर.

पण ऐक, आम्ही चालवून नेलंय. बोथट सुया मी कपाच्या बुडाला घासते. कपाचं बूड खालच्या कडेला खरखरीत असतं ना, त्यावर. पट्टे सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापते. इलॅस्टिक कुठेच नाही, म्हणून बनियनच्या पट्ट्या. दोरा फक्त जांभळा मिळतो. सगळ्या गावाच्या तोंडावर जांभळी टीप आहे. लांबून बघितलं की वाटतं सगळे एकाच शाळेतले.

आणि थोरलीवर मी जो उपाय काढला ना, तो ऐकून तू स्टुलावरून पडशील. क्लासवाल्या काकूंच्या नऊ मुली आपापल्या घरून शिवतात. नऊ मशीनं, पण धड चालणाऱ्या थोरल्या चारच. बाकीच्या झिजून दोरा सोडतात. मी म्हटलं, कापताना, इस्त्री करताना, जेवताना बॉबिन केस नुसतीच बसून असते. मग तिलाच फिरवू! मी वेळापत्रक केलं. सकाळी आठ ते दहा हिच्याकडे, दहा ते बारा तिच्याकडे. मी सायकलवर खिशात चार थोरल्या घेऊन घरोघर. दारात ताटली ठेवलेली असते. ताटलीत आधीची केस, मी ती घ्यायची, साबणाच्या पाण्यात बुडवायची, पुसायची, तेलाचा थेंब सोडायचा, पुढच्या घरी. सात आठवड्यांत एकही मशीन अडून राहिलेलं नाही. पायाला भोवरा आहे म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्ली, आता त्याच भोवऱ्यावर गाऊन निघतायत.

परवा काकू अप्पांना टेबलाच्या पलीकडून म्हणाल्या, "फार हुशारीची युक्ती. थोरलीची असणार! तिने फोनवर सांगितली का?"

आणि अप्पा काय म्हणाले? काहीच नाही. पट्टा मोजत राहिले. "नाही, हिची आहे," एवढे तीन शब्द म्हणायचे होते. तीन! तोंडात पिना होत्या असं नंतर म्हणाले. तेव्हा नव्हत्या.

मी त्या दिवशी एका सुईचं टोक इतकं घासलं की ती मोडली. ताई, तू इथे नाहीस, तुझा आवाज नाही, तुझी सावली नाही, तरी मी जे करते ते तुझ्या नावावर जमा होतं. तू आलीस तर माझं काय राहील? तू स्टुलावर बसशील आणि तो खळगा तुला बरोबर बसेल. मी पुन्हा "ती दुसरी". म्हणून विचारलं नाही. घे, लिहिलं. आता दुकान, गर्दी, पोस्ट अशी कारणं देत नाही.

पोस्ट चालू आहे. महिनाभर झाला. हेही लिहून ठेवते.

धाकटी


१६ ऑगस्ट

ताई,

दोन वाईट गोष्टी झाल्या आणि या घरात दोन्ही मलाच ठाऊक आहेत.

पहिली अशी. मंगळवारी मी काकूंकडे बसून एक केस साफ करत होते. आता मला नुसत्या बोटांनी कळतं कुठली किती झिजलीय. शेजारी त्यांच्या एका जुन्या मोठ्या मशीनची केस पडली होती. मी सहज दोन्ही तळहातावर ठेवल्या. पडलेली होती ती किंचित मोठी होती. मी म्हटलं, "काकू, ही थोरली कुठून आली?"

"अगं, ती धाकटी. तुझ्या हातात आहे ती थोरली."

"पण ही लहान आहे."

"असेल. तुझी ताई आधीपासून हिलाच थोरली म्हणायची. लेबलवर खाली नंबर लिहायची बघ बारीक अक्षरात, ती त्यावरूनच माल मागवायची."

लेबलवर खाली. बारीक अक्षरात. मी ज्याला नक्षी समजले आणि खरवडून कचऱ्यात टाकलं, ते.

म्हणजे समुद्रावर जे जहाज रांगेत उभं आहे, त्यात दोनशे चुकीच्या वाट्या आहेत. सगळं गाव माल यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलंय आणि मी एकटी तो येऊ नये म्हणून. सकाळी अप्पा विचारतात, "आली का?" मी म्हणते, "नाही हो, अजून प्रवासात," आणि पोटातून बरं वाटतं. मग त्यांचं तोंड बघून बरं वाटायचं थांबतं. गोदामवाल्याला फोन केला, तर म्हणाला, जहाजावर चढलेला माल बदलता येत नाही, नवी ऑर्डर दिली तर पुढच्या वर्षी. अप्पांना अजून सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे लेबलांचं सांगावं लागेल, लेबलांचं म्हणजे का काढली ते सांगावं लागेल.

दुसरी गोष्ट तुला माहीतच आहे. तुझं कार्ड आलं. पोस्टमनने माझ्याच हातात दिलं, कारण मी आता त्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठते.

"उत्तर आलं नाही, म्हणजे उत्तर मिळालं. अप्पांना पुन्हा त्रास देऊ नकोस. इथे एक जुनं मोठं मशीन भाड्याने घेतलंय, मास्क शिवते. माझं ठीक चाललंय."

मी ते खणाजवळ उभी राहून चार वेळा वाचलं. तू समजतेयस अप्पांनी नको म्हटलं. अप्पांना पत्र आलंय हेच माहीत नाही. तू तिकडे रडली असशील का? तू रडत नाहीस. आई गेली तेव्हाही मीच रडले आणि तू भांडी घासलीस, आणि लोकांनी तुझं कौतुक केलं. तेव्हाही मला वाटलं होतं, रडण्यात पण काहीतरी कष्ट असतात की!

बघ, आत्तासुद्धा. तुझं घर मी बंद करून ठेवलंय आणि माझं हे चाललंय.

आज सांगणार होते. दुपारी अप्पांना चहा दिला, समोर बसले, म्हटलं, "अप्पा, एक बोलायचंय." ते म्हणाले, "बोल ना." मग माझ्या मापाच्या एप्रनकडे त्यांनी बोट केलं. काकूंच्या मुलींनी जांभळ्या दोऱ्याने शिवून दिलाय, पार गुडघ्याखाली. म्हणाले, "हा शोभतो तुला." मी त्यांना आणखी चहा ओतला. एवढ्या वर्षांनी एकदा काहीतरी माझ्यापुरतं म्हणाले आणि त्यावर मी लगेच तुझं नाव कसं काढू?

उद्या.

धाकटी


५ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र तुला मिळायच्या आधी अप्पाच तुझ्या दारात असतील. तरी लिहितेय, कारण आता सवय झालीय आणि दुकानात बोलायला कुणी नाही.

काल सकाळी माल आला. पाच महिन्यांनी. ट्रकवाल्याने खोकं टेबलावर ठेवलं आणि समोरच्या कट्ट्यावर चहा प्यायला बसला. अप्पांनी हात धुतले. खोकं उघडायला हात कोण धुतं? मग सुरी माझ्या हातात दिली. "तुझी ऑर्डर. तूच उघड."

ताई, मी तेवढ्यावरच मेले असते तर बरं झालं असतं.

मी खोकं उघडलंच नाही. म्हटलं, "अप्पा, यात धाकट्या आहेत."

"न उघडता?"

"ऑगस्टपासून माहितीये मला."

त्यांनी सुरी परत घेतली, पट्टी कापली, एक केस काढून अंगठ्यावर बसवून फिरवली. "हं. धाकटी."

"दोनशे आहेत."

"असणारच. दोनशे सांगितल्या होत्या." मग म्हणाले, "नंबर नाही सांगितलास?"

तेव्हा मी लेबलांचं सांगितलं. सगळं. का काढली तेही. ते अंगठ्यावर केस फिरवतच होते. मला वाटलं आता आवाज चढेल. म्हणाले, "थोरली म्हणजे मोठी असं वाटलं होय तुला?"

"मग?"

"थोरली म्हणजे आधी आलेली. ताई झाली त्या वर्षी आईचं पहिलं मशीन आलं, चिमुकलं. तू झालीस त्या वर्षी दुसरं. ते एवढं धूड, मला आणि हमालाला मिळून उचलावं लागलं. आईच म्हणाली, ही थोरली, ही धाकटी. मग त्यांच्या वाट्यांना तीच नावं पडली."

"म्हणजे धाकटी माझ्यावरून?"

"मग काय शेजाऱ्यांवरून?"

मी एकोणचाळीस खण बघत बसले. सहा महिने मी त्या भिंतीवर फक्त तुझं नाव बघत होते. माझं नाव तिथेच होतं, तुझ्या शेजारच्या खणावर. तूच लिहिलेलं. मीच खरवडलेलं.

ते म्हणाले, "जाऊ दे, धाकटीची पण मशीनं असतात कुठे कुठे. पडून राहू दे. तुझी ती सायकल चालू आहे तोवर काही अडत नाही." तुझी ती सायकल, असं म्हणाले. हे ऐकायला मी केवढी तरसले होते! आणि आता ऐकलं तर ते पोटात नीट बसेना, कारण खाली दुसरं काहीतरी अडकलेलं होतं.

म्हटलं, "अप्पा, अजून एक चूक आहे. खोक्यात नाही, खणात."

थोरलीचा खण ओढला आणि तुझं पत्र, तुझं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा एप्रनला पुसला. पत्र वाचलं, कार्ड वाचलं, पुन्हा पत्र वाचलं.

"मार्चचं आहे हे."

"हो."

"मार्चचं."

"हो, अप्पा."

समोरच्या कट्ट्यावर ट्रकवाला चहात काहीतरी बुडवून खात होता, तिकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "मी रोज विचारत होतो तुला. आली का, आली का."

"बॉबिन केसचं ना?"

"ते पण," अप्पा म्हणाले.

मला ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. उठले, चपला काढून बूट घातले. तू ओळखतेस ते बूट, आईला हॉस्पिटलात नेताना घातले होते, त्यानंतर पेटीत होते. पेचकसांची पिशवी खांद्याला लावली.

"कुठे निघालात? गाड्या कुठे चालू आहेत?"

"हा रिकामा परत जातोय ना," ट्रककडे हात करून म्हणाले. "त्याच बाजूचा आहे."

"पण पिशवी कशाला?"

"मोठं मशीन भाड्याने घेतलंय म्हणते. जुनं असणार. काहीतरी बिघडलेलं असणारच." मग पायरीवर थांबले. "तिने विचारून यायचं होतं. मी कुणाला विचारून जाऊ?"

मी म्हटलं, "जा तुम्ही." म्हणजे परवानगी दिली म्हण ना. मग धावत जाऊन ही आधीची चार पत्रं त्यांच्या हातात दिली, तुला द्यायला. सांगितलं, वाचू नका. ते वाचणार नाहीत, पण तू वाचशील. त्यांच्यादेखत वाचू नकोस, एवढी एक विनंती.

ट्रकवाला म्हणाला, "काका, मास्क?" अप्पांनी खिशातून काढून लावला. जांभळ्या टिपेचा. ट्रकच्या खिडकीत ते इतके लहान दिसत होते. मला कधी कळलंच नव्हतं की मी त्यांच्यापेक्षाही उंच झालेय.

काल रस्ता, आज रस्ता. उद्या सकाळपर्यंत पोचतील. तू दार उघड. ते "ये" म्हणणार नाहीत, आधीच सांगते. मशीनचं झाकण काढतील आणि म्हणतील, "तेल कधी घातलं होतंस?" तेच ते समज.

आणि तू आलीस की तो खळगा तुझा आहे. मला नको. मी आज दुसरं स्टूल आणलंय माळ्यावरून, त्याचा एक पाय तोकडा आहे, पुठ्ठा घालून बसलेय. लेबलं पण पुन्हा लिहायला घेतलीत. बावीस झाली. नंबर तुला विचारून लिहीन. मला तुझा राग येणं थांबलेलं नाही, असं उगाच खोटं कशाला लिहू? अप्पा बूट घालत होते तेव्हासुद्धा वाटलं, माझ्यासाठी घातले असते का. फेरीबोटीपर्यंत आले असते का. तरी तू ये. तुझा राग समोरासमोर केलेला बरा, खणात ठेवून फार गंजतो.

थांब जरा, गिऱ्हाईक आलंय.

ताई.

मी लिहिता लिहिता मान वर न करताच म्हटलं, "थोरली संपलीय, वर्तुळात उभे राहा."

बाहेरून आवाज आला, "थोरली नकोय. धाकटी आहे का?"

सहा महिन्यांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं.

दुसऱ्या वर्तुळात उभी आहेस तू. खांद्याला मोठी पिशवी, पायाला धूळ, दोन दिवसांच्या रस्त्याची. तळहातावर रुमाल आणि रुमालात चिरलेली बॉबिन केस, मोठ्या मशीनची. मी बघतेय तर तू घाईघाईने म्हणालीस, "कुठे मिळेना म्हणून आले. गिऱ्हाईक म्हणून आलेय, घेऊन लगेच जाईन. गिऱ्हाइकाला विचारून यावं लागत नाही." आणि माझ्या मागे आत बघतेयस, अप्पांच्या जागेकडे. ती जागा रिकामी आहे. अप्पा तुझ्या गावाच्या रस्त्यावर आहेत, बूट घालून, आणि माझी चारही पत्रं त्यांच्या खिशात. म्हणजे मार्चपासूनचं सगळं मला तोंडानेच सांगावं लागणार.

तू पुन्हा विचारतेयस, "अगं, आहे का धाकटी?" केस मागतेयस की मला, ते तुझ्या मास्कवरून कळत नाही.

मी हे अजून लिहितेय, कारण पेन खाली ठेवलं की टेबल बाजूला सारावं लागेल. सारते. आहे, म्हणते. दोनशे आहेत, आणि वर एक.